जावेची सही

आमच्या इस्पितळाच्या तळघरात चादरी धुतल्या जायच्या. तिथे एक बाई होती, तिला सगळे घडीबाई म्हणायचे. तिला नाव होतं. हजेरीपटावर ते दरवर्षी मीच नव्यानं लिहायचो. पण हाक मारायला ते कुणी वापरलं नाही. चादर इस्त्रीच्या, वाफेवर तापणाऱ्या रोळांतून बाहेर आली की ती अशी घडी घालायची, की इस्पितळाचा शिक्का बरोबर वर, मधोमध. शंभर चादरींची चळत लावली तरी शंभर शिक्के एकाखाली एक. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "बाई, रोगी काही शिक्का बघून बरा होत नाही."

"रोगी नाही होत, भाऊ," ती म्हणाली, "पण नर्सबाईला न उलगडता कळतं, फाटकी बाजू कुठली ते."

फाटकी बाजू नेहमी पायाकडे जायची. आजारी माणसाच्या डोक्याखाली भोक नको, असं तिचं शास्त्र.

मी कपड्यांच्या कोठीचा कारकून. मला लोकांच्या भानगडींची आवड, आणि तिच्याकडे त्यांचा साठा. चादर खोटं बोलत नाही. कुठला डॉक्टर ड्यूटीच्या खोलीत दुपारभर घोरतो, कुठल्या बड्या रोग्याची बायको पथ्याच्या नावाखाली खाटेवर बसून तळलेलं खाते, मोठ्या साहेबांच्या विश्रांतीच्या खोलीतल्या उशीला कुणाच्या केसाचा रंग लागतो, हे सगळं माझ्याआधी तिला कळायचं. सांगायची मात्र अर्धंच. उरलेलं अर्धं मी माझ्या पदरचं घालून वरच्या मजल्यांवर पोचवायचो. तिच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, रोळांनी दिलेले आडवे डाग होते. मी त्यांना शिडी म्हणायचो. "चढताय की उतरताय, घडीबाई?" ती म्हणायची, "एकाच पायरीवर उभी आहे."

आणि ते खरंच होतं. सलग वर्षभर राबलेल्या माणसाला कायम करावं लागतं, असा कायदा होता. कायदा गरिबाच्या बाजूचा होता, म्हणूनच वरच्या साहेबांनी तो फार बारकाईनं वाचला होता. धुलाईखान्यातल्या नऊ जणींना तीनशे चौसष्ट दिवसांचं नेमणूकपत्र मिळायचं. तीनशे पासष्टाव्या दिवशी कामावरून कमी केल्याचं पत्र, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नवी नेमणूक. वर्षातला एक दिवस मोडला की वर्ष सलग राहत नाही. आम्ही कायमवाले तिला चिडवायचो, "उद्या पहिला दिवस ना तुमचा? घाबरू नका, काम शिकवू आम्ही." मला असं पत्र कधी आलं नाही, आणि त्यात माझी हुशारी काही नव्हती. भरती बंद झाली त्याच्या चार महिने आधी मी चिकटलो, एवढंच. त्याच इमारतीत तिच्या निम्मं काम करून मी कायम, आणि ती दरवर्षी नवी.

गोष्ट बिघडली ती पहिल्याच वर्षी, आणि ती बिघडवली मी.

त्या मोडलेल्या दिवशी नऊही जणी घरी होत्या. सकाळी शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या मोठ्या नर्सबाई धापा टाकत खाली आल्या. तीन शस्त्रक्रिया, आणि धुतलेल्या चादरी सहा. घडीबाई इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत राहायची, तिला निरोप धाडला. ती ओल्या केसांनी तशीच आली. आता बॉयलरवाला अडून बसला. "पटावर नाव नसलेलं माणूस आत आलं तर मी वाफ सोडायचा नाही. भाजली-बिजली तर मान माझी जाईल." तिचं नाव तर त्या दिवशी लिहिता येत नव्हतं, त्या दिवसापुरतं तिला कमी केलं होतं. डोकं माझं चाललं. म्हटलं, बदली कामगारांच्या वहीत दुसऱ्या कुणाचं तरी नाव टाकू. सांगा एखादं.

तिनं क्षणभर विचार केला. "माझ्या धाकट्या जावेचं लिहा. ती घरीच असते."

मी नाव लिहिलं, तिनं समोर सही ठोकली. जाऊ सही कशी करते ते तिनं कधी पाहिलं नव्हतं, मनानंच केली. पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी खाली वळलेली शेपटी. बॉयलरवाल्यानं वाफ सोडली, तीन रोगी वाचले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला नर्सबाईंनी निरोप धाडला आणि मी वही काढून ठेवली. असं एकोणीस वेळा झालं.

जावेला हे माहीत होतं. दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत आणि दोघींत मिळून एक नळ. थोरलीचा नवरा केव्हाच गेलेला. धाकटीचा रंगाच्या कारखान्यातून फुप्फुसं घालवून घरी बसलेला. धाकटी घरी सदऱ्यांच्या कॉलरना शिवण घालायची, नगावर. तिनं पहिल्याच वर्षी अट घातली होती, "माझं नाव नेता ना ताई, मग त्या दिवशी माझं पाणी तुम्ही भरायचं." थोरली त्या दिवशी इस्पितळातून येऊन जावेचे हंडे भरायची. "नावाचं भाडं चुकतं करते," म्हणायची.

मी निवृत्त झालो. पेन्शन एक तारखेला येतं, आणि निवृत्तीपासून त्या गल्लीच्या कट्ट्यावर बसून जग सुधारण्याचं काम मी विनावेतन करतो.

मग सरकार बदललं. नव्या सरकारनं भिंतीभिंतीवर रंगवलं, की दहा वर्षं सलग राबलेला एकही माणूस आता कंत्राटी राहणार नाही. टिंगल करायला माझी जीभ सरसावली होती, पण आदेश खरोखरच निघाला, आणि तो चांगला होता. घडीबाई तेव्हा छप्पन्न वर्षांची. कायम झाली असती तर चार वर्षं नोकरी आणि नंतर मरेपर्यंत पेन्शन. मुलगी लांब दिलेली. तिच्या उंबऱ्याशी जाऊन बसायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. संपलेल्या वर्षांची एकोणीस नेमणूकपत्रं तिनं एका पिशवीत घातली. त्यांचीही घडी अशी, की शिक्के वर.

"आता पहिला दिवस संपणार म्हणायचा," मी म्हटलं.

"तुमच्या तोंडात साखर पडो, भाऊ. एवढं एकच मागितलंय."

यादी इस्पितळाच्या फाटकावर लागली. धुलाईखान्यातून एकच नाव होतं. जावेचं.

नऊ जणी त्या कागदासमोर उभ्या होत्या. आधी एकीला हसू फुटलं, मग सगळ्या हसल्या, घडीबाईसुद्धा. कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसानं समजावून सांगितलं. यादी माणसांनी केलेली नव्हती, कागदांवरून यंत्रानं केली होती. नऊ जणींच्या सेवेत दरवर्षी खंड पडलेला. बदली कामगाराला मात्र एकोणीस वर्षांपूर्वी घेतलेलं आणि कमी केल्याचं पत्र एकदाही दिलेलं नाही. गैरहजेरी भरपूर, पण आदेशात साफ लिहिलं होतं, गैरहजेरी म्हणजे खंड नव्हे. जी बाई कधी आलीच नाही, तिला काढायची आठवण कुणाला राहणार? मग त्यानं दुसरी बातमी दिली. धुलाईखाना महिनाअखेर बंद. चादरी शहराबाहेरच्या एका कंपनीत जाणार. गठ्ठे मोजून घ्यायला एक कायम माणूस पुरे. हसणं तिथं थांबलं.

घडीबाई माझ्याकडे आली. "भाऊ, तुम्ही चला साहेबांकडे. वही तुमच्या अक्षरात आहे."

मी गेलो. साहेब तरुण होता, आणि वाईट नव्हता; मला तो तिचा कुणी नातलगच समजला. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मावशी, त्या एकोणीस दिवशीही तुम्हीच काम केलंत."

"हो साहेब. माझा एकही दिवस मोडलेला नाही."

"मग ह्या सह्या कुणाच्या?"

तिनं वाकून त्या सह्या पाहिल्या.

"तुमच्या म्हणालात, तर दुसऱ्याच्या नावानं एकोणीस वेळा खोटी सही केल्याचा गुन्हा होतो. मला तो वर कळवावा लागेल. जावेच्या म्हणालात, तर त्या दिवशी तुम्ही इथे नव्हतात. मी कुठल्याही बाजूनं धरलं तरी खंड आहे." त्यानं वही मिटली. "हे कुणाच्या सांगण्यावरून केलंत का? त्या वेळच्या कारकुनानं सांगितलं असेल, तर त्याचा जबाब घेता येईल. त्याची चौकशी होईल, पण तुमची बाजू उभी राहील."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र तिच्या खुर्चीच्या पायाकडे बघत होतो. खुर्चीच्या तीन पायांना रबर होतं, चौथ्याला नव्हतं. चौकशी म्हणजे माझं पेन्शन अडकणार, एवढंच माझ्या मनात होतं. आयुष्यभर न विचारता बोललो, आणि जिथे विचारलं तिथे माझी वाचा बसली.

"नाही साहेब," ती म्हणाली. "कुणी नाही सांगितलं. मीच."

"मग हे मी ऐकलंच नाही असं धरतो," साहेब म्हणाला.

बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "राहू द्या. एकाचं तरी चालू राहू दे."

संध्याकाळी धाकटीच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. मी उंबऱ्यावर. आतल्या खाटेवर धाकटीचा नवरा खोकत होता. गल्लीत कुजबुज सुरू झालीच होती, आयत्या बिळावर नागोबा म्हणून. ती कुणी सुरू केली ते मला विचारू नका.

"ताई, तुम्हीच जा माझ्या नावानं," धाकटी म्हणाली. "आजवर गेलातच की."

"ओळखपत्रावर फोटो असतो आता. बोटाचा ठसा घेतात."

"मग मी नाही म्हणून कळवते."

"कळव. मग ती जागा मला देतील का?"

धाकटीनं मान हलवली. हातातल्या कॉलरचा दोरा तिनं दातानं तोडला. "माझे डोळे चाललेत, ताई. सुईत दोरा ह्यांच्याकडून ओवून घेते. ह्यांच्या औषधाला..." तिनं खाटेकडे पाहिलं. "पण मी तुमचं खातेय असं वाटतं."

"माझं असतं तर माझ्या नावावर असतं," थोरली म्हणाली. "जा तू. आणि कॉलरी माझ्याकडे दे. माझे डोळे अजून शाबूत आहेत."

तेवढ्यावर निभावलं असतं. पण आठवड्यानं इस्पितळाचं पत्र आलं आणि ते वाचून दाखवायला मला बोलावलं. रुजू होताना कामगारानं साहेबांसमोर सही करायची होती, आणि ती जुन्या वहीतल्या सह्यांशी जुळायला हवी होती. धाकटीनं एका कागदावर आपली सही करून दाखवली. बारकी, अडखळत, एका बाजूला कललेली. वहीतलीशी तिचं दूरचंही नातं नव्हतं.

थोरली उठली आणि आपल्या खोलीतून ती पिशवी घेऊन आली. एकोणीस नेमणूकपत्रं तिनं उलटी करून जमिनीवर मांडली. पाठीमागे कोरी होती, सरावाला बरी. पहिल्यावर तिनं स्वतः सही करून दाखवली. मोठं पहिलं अक्षर, शेवटी खाली वळलेली शेपटी. मग पेन जावेच्या हातात दिलं.

धाकटी लिहीत राहिली. एक कागद झाला, दुसरा झाला. शेपटी काही केल्या वळेना. पाचव्या कागदावर थोरलीनं तिचा हात धरला. बाही वर सरकली तशी ती डागांची शिडी दिसली.

"अशी नाही," ती हळूच म्हणाली. "तू अशी करत नाहीस. तू शेवटी हात उचलतच नाहीस. बघ, पुन्हा कर."