कानबाईचा पाट आणि वरच्या बेअरिंगचा बिट

कानबाईचा नवा पाट कोणी करायचा यावरून आमच्या घरात जे झालं, ते आठवलं की अजून माझं डोकं तडकतं. सागाची फळी माझी, मशीन माझं, त्याला लागणारा बिट, म्हणजे कापायचं फिरतं पातं, मी वणवण करून आणलेलं. आणि हात मात्र म्हणे पुरुषाचाच हवा!

मी सुतार आहे. सुताराची बायको नव्हे, स्वतः सुतार. लग्न केलं नाही. वडील गेले तेव्हा त्यांचं वर्कशॉप हातात घेतलं आणि आमच्या ब्राह्मणपुरी गावातल्या निम्म्या घरांना पलंग, देव्हारे, कपाटं करून दिली. थोरले काका ज्या पलंगावर पाय ताणून घोरतात, तोही माझ्याच हातचा. तिथे त्यांना बाईचा हात कधी टोचला नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, तिला आम्ही आईच म्हणतो. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून आईला पाटावर मांडायचं, सारे भाऊबंद काकांच्या घरी जमायचे. तो पाट आमच्या पणजोबांनी केलेला, चहूबाजूंनी कमळाच्या पाकळ्यांची किनार. गेल्या वर्षी नदीवरून परत आणताना तो मधोमध तडकला. किनार मात्र शाबूत होती. काकांनी ठरवलं की नवा पाट हुबेहूब तसाच हवा, एक पाकळी इकडची तिकडे नको.

हुबेहूब काढायचा तर जुना पाटच साचा म्हणून वापरायचा. नवी फळी त्याला चिकटवायची आणि राऊटरला, म्हणजे लाकडाची कड कापायच्या हातमशीनला, बेअरिंगचा बिट लावून कडेने फिरवायचा. बेअरिंग जुन्याच्या कडेवर नुसतं लोळतं आणि पातं नवीन लाकूड तेवढंच सपाट कापत जातं. यात गोम एकच. बिट दोन तऱ्हेचे मिळतात. एकाचं बेअरिंग खाली टोकाला असतं; हातातल्या मशीनला तो लावला तर साचा खाली आणि नवी फळी वर ठेवावी लागते. दुसऱ्याचं बेअरिंग वर, दांड्याशी असतं. त्याला साचा वर लागतो. आणि आमच्या घरचा दंडक असा, की आईचा पाट पालथा घालायचा नाही आणि दुसऱ्या लाकडाखाली दाबायचा नाही. वर मशीन फिरलं तर चालतं, अवजाराला आम्ही हळदकुंकू लावतो. म्हणजे वरच्या बेअरिंगचाच बिट हवा, यात वादच नव्हता.

शहाद्यात सगळीकडे खालच्या बेअरिंगचे. सनमायका कापायला तेच खपतात. मग प्रकाशा गावावरून बसने नंदुरबार गाठलं. तिथल्या हार्डवेअरवाल्या शेठने माझ्याकडे न बघताच मिस्तरीला पाठवून दे म्हणून सांगितलं. मीच मिस्तरी म्हटल्यावर तो हसला. हसू दे मेला! मी गल्ल्यासमोर ठाण मांडलं आणि डबे उघडायला लावले. पाकळ्यांच्या बेचक्यात शिरेल असा बारीक बिट पाहिजे, जाडा आत जातच नाही आणि पाकळी बोथट होते. पातं फळीच्या जाडीला पुरलं पाहिजे. बेअरिंग आणि पातं यांवर नख फिरवून पाहिलं. नख अडकलं तर एक लहान आणि एक मोठं, असला बिट फुकट दिला तरी घेऊ नये. शेवटच्या डब्यात मनासारखा सापडला. तोवर शेठचं हसू आटलं होतं.

घरी आले, फळी करवतीने आखलेल्या रेघेच्या अगदी जवळ कापून ठेवली, बिटाला फार लाकूड खायला लागू नये म्हणून. मशीन काढणार तोच काका ओट्यावरून म्हणाले, की बाकी सगळं तू केलंस ते छान, पण आईच्या पाटावर मशीन पुरुषाने चालवावं. रीत आहे. मी विचारलं, कोणी घातली ही रीत? पणजोबांच्या काळी राऊटर होता का? काका म्हणाले, लोक नावं ठेवतील. झालं! लोक आले की रीत आपोआप जन्माला येते. माझी आई कोपऱ्यात गहू निवडत होती, तिने मान वर केली नाही. तिचाही राग आला मला.

चुलतभाऊ सुरतेहून सणाला आला होता. तिथे तो दुकानांना फर्निचर करतो. काकांनी त्याच्यावर काम सोपवलं. मी तिथे थांबलेच नाही, शेतावर निघून गेले. थांबले असते तर हात उचलला असता कोणावर तरी.

परतले तेव्हा अंगणात जळक्या सागाचा वास भरला होता. भावाला माझा बिट सवयीचा नव्हता, म्हणून त्याने आपला सनमायकाचा बिट लावला. खालच्या बेअरिंगचा. म्हणजे आईचा पाट खाली आणि नवी फळी त्याच्या छाताडावर! काका तिथेच खुर्ची टाकून बसले होते आणि चकार शब्द बोलले नव्हते. आईचा पाट लाकडाखाली दाबलेला चालला, माझा हात चालला नाही. वर त्या बेअरिंगमध्ये सरस सुकून ते जाम झालेलं. ते लोळलंच नाही, पात्याबरोबर गरगर फिरत राहिलं आणि पणजोबांच्या किनारीवर काळी रेघ जाळत गेलं. मशीनही उलट्या दिशेने ओढलेलं. लाकडाच्या आडव्या रेषांवर नव्या पाटाच्या एका पाकळीचा टवका उडाला.

संध्याकाळी काका माझ्या वर्कशॉपात आले. हळू आवाजात म्हणाले, तू जरा नीट करून दे, कोणाला सांगू नको. मी म्हटलं, दुसरी फळी घेऊन नवीन करते, पण अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ते जमणार नाही म्हणाले. मग माझंही जमलं नाही. भावाने टवका उडालेली जागा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली, वर रंग फासला आणि कानबाई त्यावर बसली. मी आरतीला उभी राहिले. कानबाईशी माझं भांडण नव्हतं.

सोमवारी तिला नदीवर न्यायचं. आमच्याकडे पाट बायकांनीच डोक्यावर घ्यायचा, पुरुष पुढे वाजंत्रीबरोबर नाचतात. काकांनी मला हाक मारली, पहिला मान तुझा, घे. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं.

"काका, आईना पाट कापाले गडीमाणूसना हात लागस, ते उचलाले बी माणूसनंच डोकं लावा."

वाजंत्री थांबली. काकूने पाटाखाली ठेवायची कापडी चुंबळ डोक्यावर घेतली होती. तिने ती काढली आणि काकांच्या हातात दिली. मग एकही बाई पुढे झाली नाही. माझी आईसुद्धा. मुहूर्त टळायला लागला, तेव्हा काकांनी चुंबळ ठेवली आणि पाट उचलला. मी त्यांच्या शेजारीच चालत होते. मारुतीच्या देवळापर्यंत जाईस्तोवर लांबी निखळली आणि तुटक्या पाकळीची धार त्यांच्या तळहातात रुतली. हात सोडता येईना, थांबताही येईना. घाम डोळ्यांत उतरत होता.

"पुढला साल पाट तूच कर," ते पुटपुटले.

"आंगनमा?"

डोक्यावर आई होती, नुसती मान हलवून भागणार नव्हतं.

"आंगनमा," काका म्हणाले.

"जोरमा बोला. मांगल्या बायास्ले आयकू येत नही."

आणि त्यांना जोरात बोलावं लागलं.