शमूला पोहता येत नाही

डॉ. केणींनी पडद्यावरच्या गुलाबी उंचवट्यावर पेन टेकवलं. "हे इथे, आणि हे इथे. गाठी आहेत. दिसायला चांगल्या नाहीत. तुकडा तपासायला पाठवलाय, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा."

मनाची तयारी कशी करायची असते ते कुणी सांगत नाही. माझा भाऊ आत भूल उतरायची वाट बघत पडला होता आणि इकडे मी एकटी त्याच्या मूत्राशयाचं चित्र बघत होते.

"कॅन्सर?" मी विचारलं.

"रिपोर्ट येईपर्यंत मी तो शब्द वापरत नाही. पण विचारलंत म्हणून सांगतो, शंका तीच आहे."

मला तेव्हा ठाऊक नव्हतं की या सगळ्यात माझाही हात आहे. हे लिहितेय ते आजारपणाचं कौतुक म्हणून नाही. मी जे केलं ते तुम्ही करू नये, एवढ्यासाठी.

माझा भाऊ शमुवेल. घरात शमू. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, तिथल्या एका मोठ्या तळ्याकाठच्या खेड्यात तो मिशनरी आहे. चौदा वर्षं झाली. लग्न केलं नाही. चार वर्षांतून एकदा सुट्टीवर मुलुंडला माझ्याकडे येतो, हापूस आणि भरली वांगी खातो आणि परत जातो. मी रूथ, त्याची थोरली बहीण. टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली. नवरा गेल्यापासून एकटीच असते, त्यामुळे शमू आला की माझं घर घर वाटतं.

यंदा तो आला तोच वाळून. पाचव्या दिवशी मला बाथरूममध्ये कमोडच्या कडेला लाल थेंब दिसले. आधी वाटलं बीट असेल. पण बीट आणलंच नव्हतं मी!

"शमू, हे काय रे?"

"उन्हाचं आहे गं ताई. पाणी कमी पडलं."

"किती दिवस?"

तो फडकं घेऊन कमोडची कड पुसायला लागला. तेव्हाच समजलं, दिवस नाही, महिने. दुखत नव्हतं, ताप नव्हता. लघवी संपताना शेवटी तेवढं रक्त यायचं. दुखत नाही म्हणून माणूस गप्प बसतो, आणि तिथेच वाट लागते.

दुसऱ्या दिवशी त्याला धरून हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता, मग व्यवसाय. शमू तिथे 'पाळक' लिहायला लागला, पाळक म्हणजे आमच्याकडे पास्टर. मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि 'शिक्षक' लिहिलं.

का, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी शुक्रवारी प्रार्थना व्हायची. आठ-दहा माणसं, चार गाणी, चहा, संपलं. एके दिवशी सोसायटीची नोटीस आली, बाहेरची माणसं जमवून घरात काय चालतं याचा खुलासा करा. पुढच्या शुक्रवारी गेटपाशी दोन अनोळखी माणसं उभी राहून वर कोण जातं ते बघत होती. झालं काहीच नाही. कुणी बोट लावलं नाही, शिवी दिली नाही. पण माझ्या मनात भीती बसली ती बसली. मी प्रार्थना बंद केली आणि ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. शमू विमानातून उतरला त्याच दिवशी त्याला बजावलं होतं, "इथे मिशनरी-बिशनरी काही बोलायचं नाही. कुणी विचारलं तर शिक्षक."

डॉ. केणी सरळ बोलणारा माणूस. त्यांनी सगळं नीट विचारलं, हे मी आधीच सांगते. त्यांची चूक नाही.

"तिकडे काय करता?"

शमूने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "शिक्षक आहे. गणित शिकवतो." दहावीला गणितात दोनदा गचकलेला माणूस! शमूने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तलावात, नदीत पोहायला जाता?"

"नाही डॉक्टर. मला पोहता येत नाही."

"वर्गातच असतो तो दिवसभर," मी आणखी तिखटमीठ लावलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

मग तपासण्या सुरू झाल्या. लघवीत रक्त आहे, ते आम्हालाही दिसत होतं. इन्फेक्शन समजून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, फरक शून्य. रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल वाढलेले. या रक्तातल्या एका जातीच्या पेशी असतात, ॲलर्जी झाली किंवा पोटात जंत झाले की वाढतात. जंताची साधी गोळी दिली. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड दिसली. मग सिस्टोस्कोपी, म्हणजे लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणं. त्यातच त्या गाठी दिसल्या.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी तीनदा लॅबच्या खिडकीशी जाऊन आले. तिथली मुलगी म्हणायची, "आंटी, मेसेज येईल ना." मेसेजची वाट बघत घरी बसणं माझ्याच्याने होत नव्हतं. शमू मात्र शांत. गॅलरीत बसून बायबल वाचायचा आणि मधेच मला विचारायचा, "ताई, भाजी निवडू का?" त्याच्या त्या शांतपणाची मला चीड यायची. मी ओरडायचे, तो हसायचा, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

रिपोर्ट आला तो धड इकडे ना तिकडे. सूज भरपूर, पेशी बदललेल्या, संशयास्पद, पण तुकडा वरवरचा आहे, खोलवरचा घ्या.

"गुरुवारी परत आत जाऊ," डॉ. केणी म्हणाले. "या वेळी खोल तुकडे काढू. स्नायूपर्यंत गेलेलं निघालं तर मूत्राशय काढावं लागेल. लघवीसाठी पोटावर कायमची पिशवी."

शमूने एकच विचारलं. "पिशवी लावून मला परत जाता येईल?"

"तिथे जवळ चांगलं हॉस्पिटल आहे?"

"एक दिवसाच्या वाटेवर आहे."

"मग नाही. मी परवानगी देणार नाही."

शमूच्या चेहऱ्यावरचा रंग त्या दिवशी पहिल्यांदा उडालेला पाहिला मी. कॅन्सरला तो घाबरला नव्हता. परत जाता येणार नाही, याला घाबरला. त्याचं सगळं आयुष्य त्या तळ्याकाठी होतं, आणि ते गुरुवारच्या एका तुकड्यावर येऊन ठेपलं होतं.

बुधवारी सकाळी ॲडमिट केलं. नर्स सुई लावून गेली. कॉटवर पडल्या पडल्या शमू मोबाइल बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले. "बघ ताई, मंडळीने पाठवलंय." मंडळी म्हणजे त्याच्या चर्चची माणसं. व्हिडिओत पन्नासेक बायाबाप्ये पाण्याच्या काठाला उभे राहून त्याच्यासाठी गात होते. टाळ्या काय, ठेका काय! मलाही भरून आलं. व्हिडिओ संपला आणि माझं बोट लागून मागचा फोटो उघडला. शमू पांढऱ्या झग्यात, कमरेइतक्या पाण्यात उभा, आणि त्याच्या हातांवर एक बाई उताणी आडवी.

"हे कुठलं?"

"तेच तळं. बाप्तिस्मा देतोय." बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने मंडळीत घ्यायचा विधी.

"पाण्यात उभा राहून?"

"मग काय बादलीत देऊ?"

"किती वेळ उभा राहतोस?"

"माणसं असतील तसं. ईस्टरच्या आधी दोन-तीन तास होतात. छान गार वाटतं गं."

माझ्या कानात डॉक्टरांचा प्रश्न वाजला. तलावात पोहायला जाता? आणि शमूचं उत्तर, तेही खरंच. त्याला पोहता येत नाही. आणि त्यावर माझं, वर्गातच असतो तो! देवा रे.

मी फोन घेऊन जिन्याने खाली धावले. ओपीडीच्या दारावरच्या माणसाने नंबर विचारला. मी म्हटलं, "नंबर घाल चुलीत," आणि आत शिरले. समोर एक पेशंट शर्टाची बटणं लावत होता, त्याची मी आजही माफी मागते.

"डॉक्टर, माझा भाऊ शिक्षक नाही. मिशनरी आहे. बाप्तिस्मा देतो. या तळ्यात उभा राहून, तासन् तास, चौदा वर्षं."

डॉ. केणींनी फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली. मिशनरी म्हटलं की लोक..."

"बाई, मला तुमच्या धर्माशी देणंघेणं नाही. मला मूत्राशयाशी आहे." ते चिडले होते आणि चिडायलाच हवं होतं. मग म्हणाले, "माझाही प्रश्न चुकला. पोहता का विचारलं. पाण्यात उतरता का, असं विचारायला हवं होतं."

त्यांनी नाव सांगितलं, शिस्टोसोमायसिस. बिल्हार्झियाही म्हणतात. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढणारा हा जंत. त्याची अळी पाण्यातून माणसाच्या कातडीतून आत शिरते. चावत नाही, कळत नाही. पाय बुडाले तरी पुरतं. मग जंत आत राहून मूत्राशयाच्या भिंतीत वर्षानुवर्षं अंडी घालतो. भिंत सुजते, गाठी होतात, रक्त येतं. साधी जंताची गोळी त्याला लागू पडत नाही.

माझा जीव भांड्यात पडणार इतक्यात ते म्हणाले, "थांबा. जंत निघाला म्हणजे कॅन्सर नाही असं नाही. हाच जंत फार वर्षं राहिला तर त्यातूनच कॅन्सर होतो."

गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकललं. त्याऐवजी दुपारी बारा वाजता शमूला हॉस्पिटलचे जिने चढायला लावले. चार मजले, दोनदा. दुपारी आणि हालचालीनंतर अंडी लघवीत जास्त उतरतात म्हणे. मीही त्याच्या मागे चढले, कशासाठी देव जाणे. वर पोचल्यावर धापा टाकत तो म्हणाला, "तिकडे सगळ्या पोरांना लाल लघवी होते ताई. पोरगा वयात आला असं समजतात. मलाही वाटलं, असतंच."

संध्याकाळी लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. तांदळाच्या दाण्यासारखं अंडं आणि एका टोकाला काटा. एवढंसं ते, आणि आम्हाला महिनाभर नाचवत होतं. पण बाईंचा चेहरा गंभीरच होता. आता काय शोधायचं ते माहीत होतं, म्हणून जुन्या तुकड्याच्या आणखी चकत्या कापून त्या पुन्हा बघणार होत्या. चार दिवस लागतील म्हणाल्या.

ते चार दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. शमूला घरी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मेथी निवडत बसलो होतो आणि माझ्याच्याने राहवेना.

"शमू, मला माफ कर. मी खोटं बोलले नसते तर तुझं हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. उद्या मूत्राशय गेलं तर ते माझ्यामुळे."

त्याने एक काडी मोडून बाजूला टाकली.

"ताई, तू हातातून पेन घेतलंस ना, तेव्हा मला बरं वाटलं."

"काय?"

"सुटलो असं वाटलं. तिकडे मी दर रविवारी लोकांना सांगतो, प्रभूचं नाव सांगायला लाजू नका. आणि इथे, जिथे जन्मलो तिथे, मला लिहायची भीती वाटत होती. तू लिहिलंस आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, आता माझ्यावर नाही. तोंड होतं मला, बोलता आलं असतं. बोललो नाही."

चौदा वर्षं मी या माणसाला धीराचा समजत होते. मी त्याचे हात धरले आणि आम्ही दोघं मेथीच्या जुडीवर रडलो, आणि मग मी म्हटलं, "म्हणजे दोघंही गाढव." तेव्हा तो हसला.

चौथ्या दिवशी डॉ. केणींचा स्वतःचा फोन आला. "कॅन्सर नाही. सगळे बदल अंड्यांमुळेच आहेत, खोल तुकडा आता नको. घेऊन या त्यांना."

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. "थँक्यू" एवढंच म्हटलं आणि मग लक्षात आलं की फोन कधीच बंद झालाय.

प्राझिक्वांटेल नावाच्या गोळ्या वजनाच्या हिशेबाने एकाच दिवसात दिल्या. चक्कर आली, उलटी झाली, संपलं. सुट्टी वाढवून घेतली. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा गाठी विरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, जा, पण त्या पाण्यात पाय घालायचा नाही. टाकीत दोन दिवस साठवलेल्या पाण्यात ती अळी मरते, हे कळल्यावर शमूने तिकडे फोन करून सिमेंटची टाकी बांधायला सांगितली. आणि तिथल्या प्रत्येक पोराची लघवी तपासायची, हेही.

तो जाण्याआधीच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "रूथबाई, साक्ष द्या." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. सगळ्यांना वाटलं, प्रार्थनेने बरा झाला असं सांगेन. मी म्हटलं, "प्रभूने बरं केलं, त्याचे उपकार आहेत. पण मी डॉक्टरांशी खोटं बोलले आणि भाऊ गमवायची वेळ आणली. देवाला सगळं ठाऊक असतं हो, डॉक्टरला नसतं. त्याला सांगावं लागतं." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी खाली बसले.

उपासनेनंतर अंगणात चहा होता. आमच्या मंडळीतले जाधवकाका, सत्तरीचे, दर रविवारी दानाची थैली फिरवणारे, मला बाजूला घेऊन गेले. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "रूथ, मलाही येतं गं."

"काय येतं?"

"लाल. नाताळपासून. घरी कुणाला बोललो नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. "काका, कुठल्या तळ्यात-बिळ्यात उतरला होतात?"

"छे गं. मुलुंडच्या पलीकडे कुठे गेलोय मी."

तळं नाही म्हणजे जंत नाही, आणि मग उरते ती केणींची पहिली शंका. पण या वेळी तोंड बंद ठेवायचं नव्हतं.

"उद्या सकाळी नऊला तयार राहा. मी येते रिक्षा घेऊन. आणि काकूंना आत्ता सांगायचं."

"आत्ता? इथे?"

काकू टेबलापाशी कपात चहा ओतत होत्या. मी काकांचा हात धरला आणि आम्ही त्यांच्याकडे चालत गेलो.