कासिरानचा नकार

आमच्या क्लातेनकडच्या वस्तीत तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे समोरच्याच्या पानातलं उचलून घेण्यासारखं. कासिरान वायरमन तर सगळ्यांच्या वरताण. काहीही सांगा, मान तुकवून 'इंग्गिह' म्हणणार. म्हणजे, होय जी.

लोकांच्या घरांची वायरिंग करून त्यानं पोट भरलं. पण वस्तीचा नवा खेळाचा हॉल ठरला तेव्हा दिव्यांचा नकाशा त्यानं आपणहून काढला, अकरा वेळा खोडून. बॅडमिंटनच्या कोर्टावर डोक्यावर एकही दिवा नाही, सगळे दोन्ही बाजूंना. स्टेजची लाइन वेगळी, पंख्यांची वेगळी. दोन्ही टोकांच्या भिंती गडद हिरव्या, म्हणजे पांढरं शटल येताना दिसेल.

एवढा जीव का टाकतोय, हे आम्हाला कळत होतं. जुन्या हॉलचे दिवेही त्यानंच बसवले होते, बरोबर कोर्टाच्या मध्यावर. त्याची धाकटी बहीण सुलासिह तेव्हा जिल्ह्याकडून खेळायची. एका सामन्यात तिनं वर पाहिलं, दिव्यानं डोळे दिपले आणि शटल डाव्या डोळ्यावर बसलं. तो डोळा गेला. "माझंच लक्ष नव्हतं," असं ती सगळ्यांना हसत सांगायची.

स्वातंत्र्यदिनाआधीच्या रविवारी आम्ही सगळे श्रमदानाला जमलो. कासिरान स्विच आणायला शहरात गेला होता. आमचे वस्तीप्रमुख दार्माजी, ज्यांना आम्ही मानानं पाक दार्माजी म्हणतो, म्हणाले, "सणासुदीला हिरवी भिंत? मळकी दिसेल. पांढरा मारा!" आम्ही मारला. मीही मारला, अक्कल गहाण ठेवून.

दुपारी कासिरान आला. सुलासिह चहा आणि तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, वाटत होती.

"कसं चकाकतंय?" पाक दार्माजी खुशीत म्हणाले.

कासिरान भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही, पाक. हे चालणार नाही. शटल दिसणार नाही."

"अरे, चाळीस माणसं सकाळपासून राबलीत," पाक दार्माजी हसण्यावारी नेत म्हणाले. "आमचे आजोबा चांदण्यात खेळायचे, त्यांना दिसायचं!"

"जुन्या हॉलच्या वेळीही मला कळत होतं," कासिरान म्हणाला. "मध्यावर दिवे नकोत, हे मला माहीत होतं. तेव्हाच्या प्रमुखांना फोटोत झगझगाट हवा होता. मी इंग्गिह म्हणालो."

सुलासिहचा हात थांबला. त्याला माहीतच नव्हतं, असं आजवर ती धरून चालली होती. आम्हीही.

"तेवीस वर्षं मी सांगत आले, माझंच लक्ष नव्हतं. तुला कुणी बोल लावू नये म्हणून," ती म्हणाली. "आणि तू समोर बसून ऐकत होतास, मास?"

थोरल्या भावाला ती मासच म्हणायची.

"हो."

तिनं ट्रे जमिनीवर ठेवला आणि ती निघून गेली. शेवटी पाक दार्माजींनी खाली बघत विचारलं, "हिरव्याचे किती डबे लागतील?"

उद्घाटनाच्या सामन्यात शटल लख्ख दिसत होतं. सुलासिह आली नाही. ती भावाशी अजून बोलत नाही. मला राहवेना, मी तिची समजूत घालायला निघालो, तर कासिराननंच माझा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "इतकी वर्षं मीच तिला रागावू दिलं नव्हतं."