कंदिलाचा भोवरा

अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि देवराव मोतद्दार. त्याच्याकडे सांभाळायला एकच घोडा होता, पण त्या एका घोड्यानं त्याची आठ वर्षं खाल्ली.

घोडा विलायती रक्ताचा. पुण्या-मुंबईत सात शर्यती जिंकलेला. आठवीत पायाची शीर दुखावली, आणि चोपन्न साली सरकारनं गावोगावच्या घोड्यांची पैदास सुधारायला त्याला आमच्याकडे धाडलं. कागदावर नाव किंग्ज लँटर्न. देवरावानं पहिल्याच दिवशी त्याचं 'कंदील' केलं. लोक आपल्या घोड्या घेऊन यायचे, कंदिलाला डोळे भरून बघायचे आणि तसेच परत जायचे. त्याच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. असा घोडा धन्याला रडवतो, हे आमच्याकडे पक्कं बसलेलं. सात वेळा पहिला आलेल्या घोड्याला अपशकुनी म्हणणाऱ्यांपुढे किती डोकं फोडायचं? मी तर कंटाळून सोडून दिलं होतं.

देवराव छप्पनला नागपूरला जाऊन बौद्ध झाला. शकुन-अपशकुन त्यानं तिथंच सोडले. पण नोंदवहीची पानं कोरी राहायला लागली, तशी त्याला धास्ती पडली. कामाचा नाही म्हणून कंदिलाला गोळी घातली तर? मग तो दर बाजाराच्या दिवशी भोवऱ्यावरचे केस वस्तऱ्यानं भादरायचा आणि तिथं तेल-काजळी चोळायचा.

"तुमी मानत नाई न? मंग हा वस्तरा काहून?" त्याची बायको सुंदराबाई डिवचायची.

"मी नाई मानत. घोडीवाले मानतात," तो थकून म्हणायचा.

भोवरा ठाऊक नसलेल्या लांबच्या गावांहून घोड्या यायला लागल्या. शिंगरू झालं की मालकानं येऊन सांगायचं आणि ते वहीत चढायचं, असा नियम होता. सांगायला मात्र कुणी येईना. पाच वर्षांत एकही शिंगरू चढलं नाही. बासष्टच्या उन्हाळ्यात वरून पत्र आलं: घोडा वांझ दिसतो, गोळी घालण्याबाबत अभिप्राय कळवा.

देवराव भाकर बांधून शिंगरं शोधायला निघाला. चौथ्या दिवशी अकोटच्या एसटी स्टँडवर त्याला एका टांग्याचा उमदा घोडा दिसला. चाल थेट कंदिलाची. त्यानं डोळ्यावरचं ढापण उचललं, तर खाली तोच भोवरा.

"भोवऱ्यापायीच तं स्वस्तात भेटला," टांगेवाला नत्थुजी हसला. "ढापनं लावली का कोनाले दिसते?"

देवराव त्याला टांग्यासकट अकोल्याला घेऊन आला. दोन्ही घोडे डॉक्टरसाहेबांपुढे उभे केले आणि हात जोडले. "साहेब, गुन्हा माहा हाय. भोवरा मी झाकला. शिंगरायले तोच भोवरा आला. मालकायले लाज वाटली, ते काहून सांगतीन?"

नोकरी जायचीच वेळ होती. पण डॉक्टरसाहेब भले माणूस. देवरावाचं नाव न घेता त्यांनी लिहिलं: घोडा वांझ नाही, भोवरा शिंगरांत उतरतो, म्हणून लोक नोंद करत नाहीत. देवराव त्या दिवशी पोटभर जेवला, असं सुंदराबाई सांगायची.

महिन्यानं उत्तर आलं. मीच ते त्याला वाचून दाखवलं. घोडा वांझ नाही हे मान्य. मात्र लोकांना न चालणारी खूण पिल्लांत उतरत असल्यानं तो पैदाशीस निरुपयोगी आहे. सबब गोळी घालावी.

देवरावानं मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "भोवऱ्याबद्दल गप बसलो असतो तं?" मी पत्राची घडी घातली.

ठरलेल्या सकाळी त्यानं वस्तरा काढला नाही. कंदिलाला धुतलं, खरारा केला, आणि ओल्या फडक्यानं ती काजळी पुसत बसला. केस पुन्हा उगवले होते. ते त्यानं बोटानं गोल वळवून नीट बसवले.

"जाय आता," तो म्हणाला, "आपल्या खऱ्या तोंडानं."