कॅमेरा कुठंय?

मंडळी, आज लई डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

संध्याकाळी पत्त्यांचा कॅट घेऊन हर्सूल तलावावर गेलो होतो. अनोळखी माणसांना जादू दाखवायची, एवढंच. पहिल्या चौघांनी मी तोंड उघडायच्या आधीच "नको" म्हणून हात हलवला. एका काकूंनी तर पर्सच छातीशी धरली.

शेवटी बाकावर बसलेले एक काका तयार झाले. त्यांनी कॅटमधून बदाम सत्ती काढली, बघितली आणि परत घातली. मी पत्ते पिसले आणि तीच सत्ती त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातून काढून दाखवली. एवढ्या हातचलाखीसाठी मी चार महिने आरशापुढं उभा राहिलोय.

आणि काका झाडाकडं बघत होते.

"कॅमेरा कुठं लपवलाय?"

"कॅमेरा नाय काका."

"मग काय विकायचंय?"

"कायच नाय."

आता त्यांनी माझ्याकडं जरा काळजीनंच बघितलं. "मग कशापायी करतो बाबा हे?"

मी कॅट खिशात टाकला आणि घरी आलो.

खरं सांगा, मी तुमच्यापुढं आलो असतो तर तुम्ही पत्त्याकडं बघितलं असतं का झाडाकडं?