खोपीजवळचं झाड

माझ्या मुलाने मला माझ्या वाढदिवसाला माझ्याच विकलेल्या शेतात जेवायला नेलं. गेवराईच्या अलीकडे, हायवेला लागून. पूर्वी तिथे आमची मोसंबीची बाग होती. आता तिथे समुद्रातल्या बेटासारखं सजवलेलं हॉटेल आहे, जेवणाचं आणि पिण्याचं. मालक कुठल्याशा परदेशी बेटांवर फिरून आला आणि ते खूळ डोक्यात घेऊनच परतला. दारात प्लास्टिकची नारळाची झाडं. बसायला गवताच्या छताच्या झोपड्या. खांबाखांबावर वटारल्या डोळ्यांची, दात विचकलेली लाकडी तोंडं. वेटरांच्या अंगात फुलाफुलांचे शर्ट. पायाखाली समुद्रकिनारा म्हणून वाळू पसरलेली. ती गोदावरीची आहे हे मला कुणी सांगायला नको. ज्या वाळूवरून आमच्या तालुक्यात डोकी फुटतात, तिच्यात लोक चपला काढून पाय खुपसून बसले होते.

मुलाने माझ्यासाठी बिनदारूचं सरबत मागवलं. ते एका तोंडाच्या आकाराच्या पेल्यात आलं, वर अननसाची फोड आणि कागदाची छत्री. शिवेवरच्या म्हसोबाच्या डोक्याला भोक पाडून त्यात सरबत ओतावं, तसा तो पेला. मी छत्री काढून टेबलावर ठेवली.

"अण्णा, जरा हसा की," मुलगा म्हणाला. "फोटो काढायलोय."

मला हसू येत नव्हतं. समोर सिमेंटच्या खडकावरून धबधबा पडत होता. खडकामागे आमची विहीर आहे. तिचंच पाणी वर चढवून खाली पाडत होते. ज्या जागी पाणी न मिळून आमची सगळी बाग वाळली, त्या जागी शोभेसाठी पाणी ओतत होते.

सगळी म्हणजे एक झाड सोडून. ते झाड अजून तिथेच आहे. त्याच्या अंगाला रंगीत दिवे गुंडाळलेत. वेटर आमची ताटं ठेवून त्या झाडाकडे हात करत म्हणाला, "सर, या झाडाची एक ष्टोरी हाय, सांगू का?"

मुलगा म्हणाला, सांग.

"हितं पयले लई मोठी मोसंबीची बाग होती. मालक होता भोळा. एका बागवानानं बाग मक्त्यानं घेतली. लई फळ पायजे म्हणून त्यानं बागेचं पाणी तोडलं आन सगळी बाग जाळली. स्वतःच्या खोपीजवळचं हे एक झाड तेवढं जगवलं. आमी याला लोभाचं झाड म्हणतो. हितं सेल्फी काढून टाकला की बिलात सूट हाय, सर."

तो भोळा मालक मी. आणि ही गोष्टही माझीच. खोटी आहे.

मोसंबीला बहार आणायचा तर तिला आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, झाडाला उपाशी ठेवायचं. निम्मी पानं गळाली की पाणी सोडायचं, मग झाड फुलतं. त्यापुढे ताणलं तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. बाग मक्त्यानं, म्हणजे एका बहाराच्या ठेक्यानं, घेणारा बागवान बायकोमुलांसह बागेतच खोप घालून राहायचा, राखण करायचा, फळ उतरवायचा. पण विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला त्याने हात लावायचा नाही, अशी रीत होती. फळ त्याचं, पाणी मालकाचं.

त्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी होतं. बाग थोरल्या भावाची आणि माझी, सामाईक. ऊस माझ्या एकट्याचा. भाऊ बीडला राहायचे. मी बागेला ताण दिलाय असं सांगून पाणी उसाला नेलं. पानं गळाली. तो बागवान माझ्याकडे आला.

"मालक, निम्मी पानं गेली. ताण पुरा झाला. आता पानी सोडा."

मी म्हणालो, "बाग कुणाची बे? तुझी का माझी?"

"तुमचीच हाय. म्हनून तर तुमाला सांगायलो."

तो पुन्हा आला, पुन्हा मी हाकललं. शेवटी तो नुसता बांधावर येऊन उभा राहायचा आणि उसात चाललेल्या पाण्याकडे बघायचा. ते बघणं मला सहन होईना, म्हणून त्याच्यावर मी जास्तच ओरडायचो. त्याची बायको खोपीजवळच्या झाडाखाली भांडी घासायची, पोरांना तिथेच न्हाऊ घालायची. ते सांडपाणी त्या झाडाला जायचं. ते जगलं.

भाऊ आले तेव्हा बागेची काटकं झाली होती. त्यांनी विचारलं, हे कसं झालं? मी त्या हिरव्या झाडाकडे बोट दाखवलं. म्हणालो, "यानंच ताण वाढवायला लावला. मी नको म्हणत होतो. आणि बघा, स्वतःच्या सावलीपुरतं कसं जगवलंय." भाऊंनी लाथ घालून खोप पाडली. बागवान माझ्याकडे बघत राहिला, बोलला नाही. मालकाला तोंडावर खोटं पाडणारा बागवान पुन्हा कुणाच्या बागेत शिरला नसता. गप्प राहूनही तो शिरला नाहीच. बाजारात त्याचं नाव बागजाळ्या पडलं. कुणी त्याला बागेचा बहार मक्त्यानं दिला नाही. पुढे तो स्टँडसमोर केळीचा गाडा लावायचा आणि मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायचो. तो गेला. भाऊही गेले, माझं खोटं खरं मानून.

जेवण होत आलं तेव्हा हॉटेलचा मालक टेबलाशी आला. "काका, कसं वाटलं आमचं बेट?"

मी म्हणालो, "त्या झाडाची गोष्ट तुला कुणी सांगितली?"

"तुमीच की, काका. खरेदीच्या वेळी मी इच्चारलं, हे एकच झाड काहून राहिलं, तर तुमीच सांगितलं."

खरं होतं ते. जमीन विकतानाही मी ते खोटं सोबत दिलं होतं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आवाज चढला होता. शेजारच्या झोपडीतले लोक वळून बघायला लागले.

मालक हसला. वेटरला म्हणाला, "काकाच्या पेल्यात रम गेली का रे चुकून?" लोक हसले. मुलाने माझा दंड धरला.

गाडीत तो म्हणाला, "अण्णा, एवढ्या वर्षांनी कशाला हे? आपलंच नाव जातंय."

"मग कुणाचं जायला पाहिजे?" मी म्हणालो. त्याने गाडीतली गाणी मोठी केली. मला त्याचा राग आला, आणि मग कळलं, हा माझाच शिकवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी बागवानाच्या मुलाकडे गेलो. गेवराईत त्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मी नाव सांगितलं. त्याने फडक्याला हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं. मी सांगत गेलो, तो एका मोटारीची तार उकलत ऐकत राहिला.

"मी तवा ल्हान होतो," तो म्हणाला. "त्या झाडाखालीच अम्मी आमाला न्हाऊ घालायची. उसाला पानी चाललेलं मी बघितलेलं हाय, काका."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"कुनाला बोलू? तुमाला?" त्याने मान वर केली. "मागं त्या धबधब्याची मोटार बसवायला गेलतो. तिथल्या वेटरनं मलाबी ती ष्टोरी ऐकवली. माझ्या अब्बाची. मी ऐकली, मोटार चालू करून दिली आन आलो."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हात आडवा केला.

"मला सांगून काय करता? मला म्हाईतच हाय. ज्यान्ला म्हाईत न्हाई, त्यान्ला सांगा."

चहा त्याने मागवला नाही. मागवला असता तर मला प्यायला जमला नसता.

रविवारी मी प्रवासी जीपने एकटाच हॉटेलवर गेलो. मुलाने गाडी द्यायला नकार दिला होता. एक खुर्ची ओढली आणि त्या झाडाखाली बसलो. फुलांच्या शर्टातला तोच वेटर एक कुटुंब घेऊन झाडापाशी आला आणि मला बघून थबकला.

"सांग की," मी म्हणालो. "नाहीतर मी सांगतो. गोष्ट माझी आहे."

तो मालकाला घेऊन आला. मालक आज हसत नव्हता. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "काका, धंद्याची वेळ हाय. जाऊ द्या ना. उद्यापासून ती ष्टोरीच बंद करतो. लायटिंगबी काढतो. झालं?"

क्षणभर वाटलं, झालं. गोष्ट बंद, झाड अंधारात, कुणाचंच नाव नाही. किती सोपं. माझ्या सगळ्या आयुष्यासारखं.

"नाही झालं," मी म्हणालो. "एवढी वर्षं खोटी सांगितलीस, तेवढी वर्षं खरी सांग."

"लोक हितं खायला-प्यायला येतेत काका, तुमचं पाप ऐकायला न्हाई."

"मग मी सांगतो. खुर्ची राहू दे."

तो मला उचलून बाहेर काढू शकला असता. पण गिऱ्हाइकं बघत होती आणि माझे केस पांढरे आहेत. त्याने वेटरला डोळ्याने 'राहू दे' असं खुणावलं आणि काउंटरकडे निघून गेला. ते कुटुंब मोबाइल हातात धरून उभंच होतं. त्यातल्या माणसाने विचारलं, "बाबा, काय झालं होतं नेमकं?"

धबधब्याच्या आवाजात मला ओरडून बोलावं लागलं.

"त्या बागवानानं काही केलं नव्हतं. बागेचं पाणी मी तोडलं."