जिनिंगचे दहा कॉम्प्युटर आणि मॅडमचा ब्रश

नववा कॉम्प्युटर खटकन बंद पडला तेव्हा माझ्याजवळच्या शिव्या संपल्या होत्या. समोर खोब्रागडे मॅडम बसलेल्या, म्हणून साऱ्या मनातल्या मनातच दिल्या.

मॅडमचं बोरी अरब गावात टायपिंग इन्स्टिट्यूट. टाइपरायटरवरची परीक्षा बंद होऊन कॉम्प्युटरवर आली आणि पत्र धडकलं: मान्यता टिकवायची तर दहा चालू कॉम्प्युटर दाखवा. सोमवारी तपासणीला साहेब येणार. एक जरी बंद निघाला तरी मान्यता गेली. मग गावातल्या पोरींना टायपिंगसाठी रोज एसटीनं यवतमाळ गाठावं लागणार, आणि घरचे तेवढं कुठे जाऊ देतात!

कापसाचे दिवस वाईट होते. रस्त्यापलीकडची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, बंद पडली होती. तिथले दहा म्हातारे कॉम्प्युटर भंगारात निघाले, ते मॅडमनी उचलले. नवं विंडोज त्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून मला बोलावणं आलं. यवतमाळात मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि लिनक्सचा भक्त म्हणून बदनाम आहे. लिनक्स म्हणजे विंडोजचंच काम करणारी, पण फुकटातली यंत्रणा. तिचे शेकडो प्रकार. त्यांना डिस्ट्रो म्हणतात, काही जड, काही हलके. मी छाती ठोकून सांगितलं, शनिवारी दुपारपर्यंत दहाही पळवतो.

पहिला डिस्ट्रो नव्यातला नवा टाकला, नुसत्या शानसाठी. माउस हलवला की स्क्रीनवरचा बाण चहा पिऊन मग निघायचा. रॅम, म्हणजे कॉम्प्युटरचं काम मांडायचं टेबल, फारच लहान होतं. मुकाट्यानं हलका डिस्ट्रो टाकला. मशीन पळायला लागलं. लिनक्स जणू मीच लिहिलंय अशा थाटात मी मॅडमकडे पाहिलं. वीस मिनिटांनी पहिला बंद पडला. मग दुसरा. मग रांगच लागली.

मी दोष कर्नलला दिला. कर्नल म्हणजे लिनक्सचं काळीज. जुना कर्नल टाकला, तेच. तिसरा डिस्ट्रो टाकला, तेच. इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांना विचारलं, तर तिथं एका अमेरिकन माणसानं मलाच चार उलटे प्रश्न विचारले. रविवार उजाडला. मॅडमच्या घरून दोनदा चहा आला, एकदा पोहे आले, आणि ठोकलेली छाती हळूहळू आत जायला लागली.

मॅडम उठल्या आणि एका कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भाऊ, हा लय तापून राह्यला."

"पंखा फिरून राह्यला मॅडम, मी पाह्यला. हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे."

"पंखा काढून पाह्यला काय?"

नव्हता. फिरणारा पंखा काढायचा कायले? तरी काढला. त्याच्याखाली प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्या असतात. त्या दिसतच नव्हत्या. वर्षानुवर्षांची कापसाची रुई दाबून दाबून बसली होती. म्हणूनच प्रोसेसर तापायचा आणि मशीन आपोआप बंद व्हायचं.

मॅडमनी टेबलाच्या खणातून टाइपरायटरच्या अक्षरांचे खिळे साफ करायचा ब्रश काढला.

"जिनिंग चालू होती तवा आमच्या टाइपरायटरातही जाय," त्या म्हणाल्या. "हप्त्याले एकदा काढाच लागे."

दहा कॅबिनेटांतून एका बाळाची उशी भरेल एवढी रुई निघाली. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्म कपाशीच्या जिल्ह्यात काढला, आणि रुई ओळखायची सोडून मी अमेरिकेला विचारत बसलो होतो.

सोमवारी साहेब आले. पोरी दहाही मशीनवर बसल्या. अर्धा तास नुसती टकटक. एकही बंद पडला नाही. साहेबांनी चष्मा सारखा करून विचारलं, कोणतं विंडोज आहे हे? मी लिनक्सचं प्रवचन सुरू करायला तोंड उघडलं, तोच मॅडम म्हणाल्या, "सर, दहाही चालू आहेत ना?"

साहेबांनी बोटानं दहा मोजले आणि सही केली. मागे बसलेली एक पोरगी रडायलाच लागली.

निघताना मी मॅडमना आठवण म्हणून तो ब्रश मागितला. त्यांनी सरळ नाही म्हटलं.

"जिनिंग पुन्हा सुरू झाली त मले लागन ना, भाऊ."

मी बाजारातून दुसरा घेतला. आता कुठल्याही जुन्या मशीनवर माझ्या बॅगेतून आधी तो निघतो, डिस्ट्रोचा पेनड्राइव्ह नंतर.